विश्लेषण : सिंचनाने जमीन गार होते, मग उकाडा का वाढतो?

उत्तर भारतातील उन्हाळ्याची चर्चा तापमानाच्या आकड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पण ४२ अंशांची कोरडी दुपार सावलीत बसून निभावते. ३६ अंशांची दमट दुपार मजुराला आडवे करते. हा दमटपणा काही प्रमाणात शेतांतूनच येतो.

शेतातले पाणी जाते कुठे?

भात हे मुळात पाणथळ भागातले पीक. पंजाब-हरियाणात ते हरितक्रांतीनंतर सरकारी खरेदी आणि कूपनलिकांच्या जोरावर पसरले. उपसलेल्या पाण्यापैकी काही पुन्हा मुरते, बरेचसे वाफ होऊन उडते. २००२ ते २००८ या काळात राजस्थान, पंजाब आणि हरियाणातून १०९ घन किलोमीटर भूजल कमी झाल्याचे ‘ग्रेस’ उपग्रहांच्या नोंदींवरून दिसले. ११७ टीएमसीचे उजनी धरण काठोकाठ ३३ वेळा भरेल, एवढे हे पाणी.

तापमान कमी, त्रास जास्त?

माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने ओलिताची जमीनही होते. बाष्पीभवन उष्णता शोषून घेते. आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांचा सहभाग असलेला अभ्यास २०२० मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सिंचनामुळे भारतात जमिनीचे तापमान सुमारे १ अंशाने, तर हवेचे अर्ध्या अंशाने घटते. मात्र जमीन कमी तापली की तिच्यावरची हवा फार उंच उठत नाही आणि बाष्प जमिनीलगतच्या उथळ थरात कोंडून राहते. अशा हवेत घाम वाळत नाही आणि शरीर गार होण्याचा मार्ग खुंटतो. दक्षिण आशियातील ३.७ ते ४.६ कोटी लोकांना याची झळ बसते, असा या अभ्यासाचा अंदाज आहे.

पावसाचे काय?

आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१९ मध्ये संगणकीय प्रारूपाच्या आधारे दाखवले की, उत्तर भारतातील अतिसिंचनामुळे सप्टेंबरचा पाऊस वायव्येकडे सरकतो आणि मध्य भारतात अतिवृष्टी वाढते. एका राज्यातला पंप दुसऱ्याच्या पावसात ढवळाढवळ करतो, हा तंटा कुठल्याही पाणीवाटप लवादापुढे येत नाही.

उपाय झाले का?

पंजाबने २००९ च्या कायद्याने १० जूनपूर्वी भातलावणीस बंदी घातली. मे महिन्यातील रखरखीत उन्हात उडून जाणारे पाणी वाचले, पण कापणी लांबली. गव्हाच्या पेरणीआधी रान मोकळे करायला दिवस कमी उरले आणि धसकटे जाळण्याचा हंगाम नेमका वारा पडण्याच्या दिवसांत आला. त्या धुराचा त्रास दिल्लीला दरवर्षी होतो.

२०२२ पासून पंजाब सरकार रोपलावणीऐवजी भाताची थेट पेरणी करणाऱ्यांना एकरी १,५०० रुपये देऊ लागले. मक्याकडे वळणे हा आणखी एक पर्याय. मक्यालाही हमीभाव जाहीर होतो. पण भातासारखी सरकारी खरेदी होत नाही. शेतीपंपांची वीज मात्र मोफतच आहे.