सूड की न्याय? (भाग ७) : हमामखान्यातला हिशेब

आज पुण्याचा प्लेग अधिकारी रँड आणि त्याला गोळ्या घालणारे चापेकर यांच्यावर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या रविवारी. केडगावच्या एका वाचकांनी मध्येच खोडा घातलाय : ‘पुण्याला जायची एवढी घाई कशाला? आधी नगरच्या किल्ल्याचं बोला. बापानं पोराला जाळायला काढलं, पोरानं बापाला संपवलं. चुकलं कुठं?’

बाप म्हणजे पहिला मुर्तजा निजामशहा. १५६५ साली गादीवर आला आणि पुढे ‘दिवाणा’ म्हणून ओळखला गेला. स्वतः महालात कोंडून घ्यायचा, कारभार सलाबतखान बघायचा. आपण ‘चांदबीबी महाल’ बघायला डोंगर चढतो ना, ती कबर या सलाबतखानाची. त्याच्याही कैदेचा हुकूम निघाला. जवळचे लोक म्हणत होते, मानू नका. गड्यानं आपल्या हातानं बेड्या चढवल्या आणि दंडाराजपुरीची वाट धरली. निष्ठा थोर खरी, पण तिनं राजाला मोकळं रान मिळालं.

पुढे राजपुत्र मीरान हुसेनला गादीवर बसवायचा घाट शिजतोय, अशी कुणकुण मुर्तजाला लागली. त्यानं पोराला बोलावून घेतलं, झोपेत त्याच्या अंथरुणाला आग लावली आणि दार बंद केलं. पोरगा वाचला, दौलताबादला पोचला. १५८८ मध्ये सरदार मिर्झाखानानं त्याला तिथून आणून किल्ल्यात घुसवलं. इतिहासकार फिरिश्ता तेव्हा शहाच्या पहाऱ्यावर होता. लहानपणी एकत्र शिकलो म्हणून मीराननं त्याला जिवंत सोडलं. आजारी बापाच्या पोटाला मात्र तलवार टेकवली, मग त्याला हमामखान्यात कोंडलं, दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि खाली जाळ केला.

माझ्या मते किल्ल्यात घुसला इथवर मीरानचं बरोबर होतं. पोटच्या पोराला जाळणाऱ्याच्या हाती रयत ठेवायची कशी? पण पहारा मोडला, बाप हाती लागला, तिथं ते काम संपलं. गादीवरून ओढणं एक, ओढून आणलेल्याला मारणं दुसरं. दोन्हींचा जाब वेगवेगळा द्यावा लागतो. कुणी म्हणेल, जिवंत राजा म्हणजे उद्याचं बंड. मान्य. पण त्या भीतीला तलवारीचा एक घाव पुरला असता. लावून घेतलेल्या खिडक्या आणि खालचा जाळ राज्यासाठी नव्हता, जळलेल्या अंथरुणासाठी होता.

वर्ष उलटायच्या आत मिर्झाखानानं मीरानलाही कैद केलं. किल्ल्याबाहेर सरदार जमालखानाचा जमाव शहाला बघू द्या म्हणून अडून बसला, तेव्हा त्याला मीरानचं कापलेलं मुंडकं दाखवण्यात आलं. याला नियतीचा न्याय म्हणायचा मोह होतो, पण मी म्हणणार नाही. मीरान पन्नास वर्षं राज्य करून रयतेचा लाडका झाला असता, तरी हमामखाना तेवढाच काळा राहिला असता.

रँडची गोष्ट वेगळी. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीतून परतणारा रँड कुणाचा कैदी नव्हता, सत्तेवर होता. त्याला आवरायचे बाकीचे रस्ते उरले होते का, हे आधी बघायला हवं. तेव्हा पुढच्या रविवारी सुरुवात पिस्तुलापासून नाही, प्लेगच्या झडत्यांविरुद्ध पुणेकरांनी केलेल्या अर्जांपासून करू.