कांद्याची मुभा

नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीलगत जो मुंबई-आग्रा रस्ता जातो, त्यावरून लासलगाव-पिंपळगावकडच्या कांद्याच्या गाड्या रात्री-अपरात्री बंदराकडे निघालेल्या असतात, आणि कारखान्यांच्या तेलकट वासातही त्यांचा उग्र दर्प निराळा ओळखू येतो. 8 डिसेंबर 2023 पासून सरकारने एका अधिसूचनेने कांद्याची निर्यात बंद केली. कारखान्यांच्या मालाला मात्र कोणी आडकाठी केली नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन मालांना सरकारदरबारी असे दोन न्याय का, हा प्रश्न त्या हिवाळ्यात माझ्या मनातून जाईना.

प्रश्न जुनाच आहे. ही वसाहत ज्या जमिनीवर उभी आहे तीही एके काळी नांगराखालचीच. 1962 साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने येथे भूखंडांची तजवीज केली, आणि परदेशी मालाने देशी कारखाना बुडू नये म्हणून दिल्लीने 1991 पर्यंत आयातकराची व परवान्यांची उंच तटबंदी राखली. शेतमालाच्या बाबतीत तटबंदीचे तोंड उलटे होते: बाहेरचे आत येऊ नये यासाठी नव्हे, तर आतले बाहेर जाऊ नये यासाठी पहारा बसे. शहरातील भाजी स्वस्त राहावी म्हणून शेतकऱ्याने न मागता दिलेल्या या वर्गणीला शरद जोशी ‘उणे सबसिडी’ म्हणत.

बर्न येथील जागतिक टपाल संघाची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसू लागलेल्या या गृहस्थाने 1979 साली शेतकरी संघटना स्थापन केली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात कांदा आणि उसाच्या भावासाठी रस्ते व रेल्वे अडवल्या गेल्या, आणि खेरवाडीच्या गोळीबारात दोन शेतकरी प्राणास मुकले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही त्यांची घोषणा डाव्यांना आपली वाटे, पण तिच्या पोटात खुल्या बाजाराचा विचार होता. म्हणूनच खुल्या व्यापाराच्या डंकेल प्रस्तावाच्या विरोधात बहुतेक शेतकरी नेते उभे असता जोशींनी त्याचे समर्थन केले, आणि 1994 साली काढलेल्या आपल्या पक्षाला राजाजी-मसानींच्या स्वतंत्र पक्षाची आठवण देणारे ‘स्वतंत्र भारत पक्ष’ हे नाव दिले.

कॅनडाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथील पश्चिमेकडच्या प्रांतांतील गहू परदेशी विकण्याचा मक्ता 1943 पासून एका सरकारी मंडळाकडे होता. स्वतःचेच धान्य परवान्याविना सरहद्दीपार अमेरिकेत नेल्याबद्दल काही शेतकऱ्यांना तुरुंगवास घडला. हार्पर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने 1 ऑगस्ट 2012 रोजी तो मक्ता संपवला आणि त्या शेतकऱ्यांना माफी जाहीर केली. परंतु याच पक्षाची खुल्या बाजारावरची निष्ठा दुधापाशी येऊन डळमळते. दूध, अंडी व कोंबड्यांचे उत्पादन तेथे कोट्याने बांधलेले असून बाहेरच्या लोण्यावर जवळजवळ 300 टक्के जकात आहे. ही व्यवस्था मोडा, असे सांगणारे मॅक्सिम बर्निए 2017 साली पक्षनेतृत्वाच्या निवडणुकीत दोन टक्क्यांहूनही कमी मतांनी पडले. विजयी अँड्र्यू शीर यांनी पुढे पत्रकारांच्या भोजनसमारंभात, आपल्या विजयाचे ऋण कोणाचेही नाही असे म्हणता म्हणता दुधाच्या खोक्यातून घोट घेतला, आणि सभागृहाला जे समजायचे ते समजले. 2025 साली तर व्यापारी वाटाघाटींत या कोट्याला हात लावू नये असा कायदाच झाला.

म्हणजे ज्याला तटाची ऊब मिळते तो तट राखतो, ज्याची तटामुळे कोंडी होते तो मोकळीक मागतो. तत्त्वज्ञान मागाहून येते. आमचा कांदेवालाही याला सर्वस्वी अपवाद नाही: भाव पडला की तोच नाफेडने खरेदी करावी म्हणून निवेदने देतो. त्याला ढोंगी म्हणायला मी तयार नाही. भाव वर गेला की सरकारने हात घालायचा आणि खाली आला की बाजाराचा नियम सांगायचा, हा व्यवहार त्याने नव्हे, दिल्लीने सुरू केला.

लिलावात उभे राहून पाहिले म्हणजे या व्यवहाराची झळ कोणाला बसते ते ध्यानी येते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपाशी व्यापाऱ्यांचा घोळका येतो, कोणी मूठभर कांदे उचलून अंगठ्याने पत्ती चोळतो, गोल्टी म्हणजे बारीक कांदा किती आहे ते नजरेने हेरतो, आणि दहा-वीस रुपयांच्या चढाने बोली मिनिटभरात तुटते. मालक ट्रॉलीवर उभा राहून ऐकत असतो. उन्हाळ कांदा असेल तर भाव न पटल्यास तो कांदाचाळीत परत नेऊन चार-सहा महिने थांबता येते. लाल कांदा थांबत नाही. त्याला लगेच कोंब फुटतात, तो सडतो, म्हणून मिळेल त्या भावाने द्यावाच लागतो.

डिसेंबरची ती बंदी नेमकी लाल कांद्याच्या ऐन आवकेत आली. 4 मे 2024 रोजी ती उठली, तीही टनामागे 550 डॉलरच्या किमान दराची अट आणि 40 टक्के निर्यातकर घालून. तोवर बाजारात उन्हाळ कांदा आला होता, आणि लाल कांद्याचा हिशेब शेतकऱ्यांच्या वहीत केव्हाच मिटला होता.