सलाईनची बाटली आणि जलसंजीवनीची पुडी

पावसाळा लागला, नळाला गढूळ पाणी येऊ लागले, की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या दवाखान्यांत जुलाब-उलट्यांच्या रुग्णांची गर्दी होते. नळाची जुनी जोडणी गटाराला लागून गेलेली असते. पाण्याचा दाब कमी झाला की बाहेरची घाण आत ओढली जाते. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, ते दिवस तर आपल्या पट्ट्यात कोणी विसरलेले नाही. अशा वेळी रुग्णाला घेऊन दवाखान्यात गेलेले नातेवाईक पहिली मागणी कोणती करतात? "डॉक्टरसाहेब, अशक्तपणा फार आलाय, एक सलाईन लावून टाका." सलाईन लावले की उपचार झाला, नाही लावले तर डॉक्टरला काही कळत नाही, असा आपल्याकडे पक्का समज आहे.

आम्ही वैद्यकीय व्यवसायातील नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत खर्डेघाशी करणारे आहोत. परंतु सलाईनच्या बिलासाठी आवर्त ठेव मोडणारे खातेदार आमच्या खिडकीवर वरचेवर येतात. त्यामुळे या बाटलीत नेमके असते काय, हे समजून घ्यावेसे वाटले. जे समजले ते सभासद बंधू-भगिनी आणि विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

शरीराचाही एक जमा-खर्च असतो. प्रौढ माणसाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असते आणि त्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. सोडियम मुख्यतः पेशींच्या बाहेर, तर पोटॅशियम पेशींच्या आत. रक्ताच्या तपासणीत सोडियम १३५ ते १४५ आणि पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ या मर्यादेत असावे लागते. मेंदू, स्नायू आणि हृदयाचे ठोके या समतोलावर चालतात. जुलाबात पाण्याबरोबर हे क्षारही वाहून जातात. पटकीच्या तीव्र रुग्णाच्या शरीरातून तर तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. माणूस दगावतो तो बहुतेक वेळा या तुटीमुळे. म्हणून जंतू कोणता हे शोधण्याआधी तूट भरून काढणे महत्त्वाचे ठरते.

आता बाटलीकडे वळू. 'नॉर्मल सलाईन' म्हणजे एक लिटर निर्जंतुक पाण्यात ९ ग्रॅम मीठ. अर्धा लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. त्यात उष्मांक शून्य! 'डेक्स्ट्रोज ५ टक्के' या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते; तिचे उष्मांक शंभरसुद्धा होत नाहीत. घरची एक ज्वारीची भाकरी यापेक्षा अधिक ताकद देते. तिसरी बाटली 'आरएल', म्हणजे रिंगर लॅक्टेट. हिची कथा मोठी मौजेची आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाच्या हृदयावर प्रयोग करीत होते. शुद्ध पाण्यातील मिठाच्या द्रावणात हृदय थांबे; पण मदतनिसाने नळाचे पाणी वापरले तेव्हा ते धडधडत राहिले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियमचा हा प्रताप होता. पुढे या द्रावणात लॅक्टेटची भर पडली आणि आज जुलाबाने कोरड्या पडलेल्या रुग्णाला शिरेतून देण्यासाठी हीच बाटली पसंत केली जाते.

सलाईन निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. रुग्ण बेशुद्ध असेल, पिऊ शकत नसेल, उलट्या थांबतच नसतील, नाडी लागत नसेल, तर शिरेतून पाणी देण्यावाचून गत्यंतर नाही आणि तेथे मिनिटामिनिटाला मोल असते. पण जो माणूस बसून बोलतो आहे आणि पाणी पिऊ शकतो, त्याला ताकदीसाठी बाटली लावणे म्हणजे पैशांचा अपव्यय. शिवाय शिरेला सूज येणे, जंतुसंसर्ग होणे, हृदयविकाराच्या रुग्णाला पाण्याचा भार होणे, हे धोके वेगळेच.

तोंडाने दिलेले पाणी तर जुलाबावाटे निघूनच जाते, मग ते देऊन काय उपयोग? या प्रश्नाचे उत्तर साखरेत आहे. आतड्याच्या अस्तरात एक दार असे आहे की त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली हे मांडले. पटकीत मीठ शोषण्याची दुसरी वाट बंद पडते, पण हे जोडीचे दार उघडेच राहते. नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी जे करू शकत नाही, ते योग्य प्रमाणातील मीठ-साखर करते ते यामुळेच.

याची खरी परीक्षा आपल्याच देशात झाली. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीने थैमान घातले आणि सलाईनचा साठा संपत आला. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधवल्या, पिंपांत द्रावण तयार केले आणि ते पाजण्याचे काम चक्क नातेवाइकांकडे सोपवले. ३० टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. 'अडाणी माणसांच्या हाती औषध कसे द्यावे' ही शंका तेव्हा अनेक विद्वानांना होती. त्या आयाबहिणींनी तिचे उत्तर मग्याने पाजून दिले. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. डॉ. महालनोबिस २०२२ साली निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. हयातीत हा सन्मान मिळाला नाही, याची खंत वाटते.

आजच्या पुडीत एका लिटरसाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. पूर्वी मीठ ३.५ आणि ग्लुकोज २० ग्रॅम असे. कमी केल्यावर जुलाब आणि उलट्या अधिक आटोक्यात येतात असे दिसल्याने २००२ पासून हे सूत्र आले. शासकीय भाषेत हिला जलसंजीवनी किंवा क्षारसंजीवनी म्हणतात, आपण सर्रास 'इलेक्ट्रॉल' म्हणतो. आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते.

चूक होते ती कालवताना. अनेक घरांत पुडी फोडून चिमूट-चिमूट पेल्यात टाकतात. तसे करू नये. पुडीवर एक लिटर लिहिले असेल तर पूर्ण पुडी एक लिटर पाण्यातच घालावी. लहान पुडी २०० मिलिलिटरची असते. प्रवासात घेतलेली लिटरची रिकामी पाण्याची बाटली स्वच्छ धुऊन मापाला उत्तम. पाणी आधी उकळून गार करावे. द्रावण मात्र उकळू नये आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. दुधात किंवा फळांच्या रसात पुडी कालवू नये. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, तेही घोट-घोट किंवा चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते टाकून नवे करावे. अंगावरचे दूध, भाताची पेज, मऊ भात चालू ठेवावा. 'जुलाबात पाणी तोडायचे' ही जुनी रीत जीवघेणी आहे. मुलाला सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस देतात, जुलाब थांबला तरीही. डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी हळूहळू परतते, लघवी होत नाही, मूल गळून पडले किंवा शौचातून रक्त जाते, असे दिसले तर घरी थांबू नये.

एक इशारा. दुकानात गोड चवीची खोक्यातील पेये 'ओआरएस' नावाने वर्षानुवर्षे विकली गेली. त्यांत साखर पुष्कळ असते आणि जादा साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही घेताना वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिले आहे का, हे वाचावे.

उन्हाळ्याचेही तसेच. एप्रिलमधील जयंतीच्या मिरवणुकीत आपले कार्यकर्ते पाणी वाटतात, ते योग्यच. पण तासन्‌तास घाम गाळणाऱ्याला नुसत्या पाण्यापेक्षा मीठ घातलेले ताक किंवा लिंबू सरबत बरे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात भर उन्हात बसलेल्यांपैकी चौदा जणांचा मृत्यू झाला, हे आयोजकांनी ध्यानात ठेवावे. अंग तापून माणूस बरळू लागला तर मात्र सरबत पाजू नये. त्याला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि रुग्णालय गाठावे.

वृद्धांबाबत थोडे निराळे लिहावे लागेल. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे सोडियम घालवतात. ते फार उतरले की आजी असंबद्ध बोलू लागते, माणसे ओळखत नाही, झटकाही येतो. मग कोणी म्हणते बाधा झाली, कोणी म्हणते अंगात आले. रक्ताची एक तपासणी केली तर उलगडा होतो. येथे घरी मीठ खाऊ घालून भागत नाही, कारण सोडियम फार वेगाने वाढले तर मेंदूला कायमची इजा होते. डॉक्टर ते मोजून, सावकाश वाढवतात. पोटॅशियम कमी झाले तर स्नायू लुळे पडतात, त्यावर पोटॅशियमचे कडवट पातळ औषध मिळते. पोटॅशियम वाढले तर हृदय बंद पडण्याची भीती. तेव्हा हृदयाच्या रक्षणासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट आणि पोटॅशियम पेशींत ढकलण्यासाठी ग्लुकोजसह इन्सुलिन टोचतात. 'आमच्या माणसाला साखर नाही, इन्सुलिन का दिले?' म्हणून नातेवाईक भांडतात, त्याचे कारण हे. मूत्रपिंडाच्या रुग्णाने म्हणूनच शहाळे, केळी आणि बाजारात मिळणारे 'कमी सोडियमचे मीठ' डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. आणि अशा रुग्णाला दवाखान्यात नेताना त्याच्या चालू गोळ्यांची पिशवी सोबत घ्यावी.