'गाम' आणि 'गाव'

सुरतेतील कतारगाम येथे आमच्या शाळेत येणारी बरीचशी मुले मूळची खानदेशातील आहेत. पत्रलेखनाच्या वहीत त्यांपैकी कित्येक जण पत्त्यात 'कतारगाव' असे लिहितात. ही चूक मानून तांबडी रेघ ओढावी की नाही, असा प्रश्न आमच्या एका सहकाऱ्यांनी मध्यंतरी काढला. मराठी वहीत मराठी शब्द आला तर बिघडले कोठे, असे त्यांचे म्हणणे. प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

संस्कृत 'ग्राम' शब्दाचे प्राकृतात 'गाम' झाले. गुजरातीने ते रूप जसेच्या तसे राखले. मराठीत मात्र स्वरांमधील 'म'काराचा सानुनासिक 'व'कार होण्याची प्रवृत्ती आहे. आमलकाचा आवळा, कोमलाचे कोवळे, तसेच गामाचे गांव. गुजराती माणूस आवळ्यास आजही 'आमळां' म्हणतो. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वी आपण 'गांव' असा अनुस्वार देत असू. तो लोपलेल्या 'म'काराचीच खूण होता. तेव्हा 'गाम' हा 'गाव' या शब्दाचा अपभ्रंश नव्हे; उलट आपल्या शब्दाची ती आधीची पायरी होय. 'कतारगाव' लिहिणारा मुलगा नाव सुधारीत नाही, त्यातील जुनेपण पुसतो.

शेजारची नावे पाहिली तरी हेच नाते दिसते. कतारगामास लागून सिंगणपोर आहे. त्यातील 'पोर' म्हणजे खानदेशातील शिरपूरचे 'पूर'. तापीपलीकडील अमरोलीचा शेवट ऐकताच डोंबिवली, कांदिवली यांची आठवण होते. त्या नावांतील 'वली'चे मूळ 'पल्ली' म्हणजे लहान वस्ती, हे सर्वमान्य आहे. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली. उत्तरपदांनी ती सीमा मानलेली नाही.

इंग्लंडातही असेच घडले. रोमन लोकांच्या 'कास्त्रा' म्हणजे लष्करी छावणी या शब्दापासून मँचेस्टरचे 'चेस्टर', लँकेस्टरचे 'कॅस्टर' आणि ग्लॉस्टरच्या लेखनातील 'सेस्टर' अशी तीन रूपे झाली. पैकी मँचेस्टर व लँकेस्टर ही नगरे तर परंपरेने एकाच परगण्यातील. तरीही एकाच्या नमुन्यावर दुसऱ्याचे नाव कोणी शुद्ध करीत नाही. ग्रिम्सबी, डर्बी यांतील 'बी' हा डेन्मार्ककडून आलेल्या लोकांचा वस्तीवाचक शब्द. त्यांची भाषा तेथून गेली, नावाचे शेपूट उरले.

येथे एक सावधगिरी हवी. उत्तरपदे शेकडो नावांत पुनःपुन्हा येतात, म्हणून त्यांचा अर्थ ताडून पाहता येतो. पूर्वपदाचे तसे नसते. 'कतार' म्हणजे रांग, म्हणून रांगेने वसलेले ते कतारगाम, अशी व्युत्पत्ती वर्गात सांगण्याचा मोह होतो. परंतु केवळ ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे. त्यासाठी ताम्रपट, दप्तरे यांतील जुने लेखन पाहावे लागते.

म्हणून आमचा निर्णय असा, की पत्त्यात 'कतारगाम' असेच लिहवून घ्यावे. मात्र तांबडी रेघ ओढून थांबू नये. फळ्यावर ग्राम, गाम, गांव, गाव ही चार रूपे ओळीने मांडावी. आपण परक्या मुलखात राहतो असे ज्या मुलास वाटत असेल, त्याला आपल्या दारावरच्या पाटीत आपल्याच भाषेची आजी भेटेल.