सावकाराची खतं आणि सरकारचा सारा

गैरसमज : १८७५ चा दख्खनचा दंगा हे दुष्काळाने पिचलेल्या रयतेचं इंग्रजांविरुद्धचं बंड.

वस्तुस्थिती : मोठा दुष्काळ पडला १८७६ साली, दंग्याच्या नंतर. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात जमाव चालून गेला तो गुजर-मारवाडी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर, कचेरीवर नव्हे. मागणी एकच, कर्जाची खतं द्या. ती जाळून झाली की लोक बहुधा परत फिरत.

गैरसमज : सावकारी इंग्रजांनी आणली, पेशवाईत सारा हलका होता.

वस्तुस्थिती : सावकार आधीही होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने देऊन रयतेला पिळलंही जात होतं. बदलला तो जोर. जुन्या काळी वसुलीसाठी सावकाराला पाटील आणि पंचांचं तोंड बघावं लागे. १८१८ नंतर हळूहळू दिवाणी कोर्ट आलं आणि सरकारी जमीन-सर्व्हेने जमीन विकण्याजोगी, म्हणून तारण ठेवण्याजोगी झाली. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने दावा लावायला तीन वर्षं ठरवली. हेतू रयतेच्या भल्याचा असेल, पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवं खत करून घेऊ लागला. अंगठा उठवणाऱ्याला आकडा कुठला कळणार? कोर्टात तो हजरही नसे. हुकूमनामा एकतर्फी निघे.

गैरसमज : रयतवारीत सारा थेट रयतेकडून, मधला माणूस नाही, म्हणजे रयत सुटली.

वस्तुस्थिती : प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा धरला, गणित कागदावर चोख, शेतं मात्र ओस पडली. म्हणून १८३५-३६ पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी दर उतरवून ते तीस वर्षांसाठी बांधले. मुदत सरली ती अमेरिकन यादवीतल्या कापसाच्या तेजीनंतर. वाढलेला सारा माथी आला, तेव्हा भाव कोसळत होते. शिवाय हप्ता रोकड हवा आणि ठरल्या तारखेला हवा. रोकड होती सावकाराकडे.

गैरसमज : शेतकरी लग्नकार्यातल्या उधळपट्टीने बुडाला.

वस्तुस्थिती : हे आजही ऐकू येतं. पण दंग्याची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगानेच या कारणाला फाजील महत्त्व दिलं गेल्याचं नोंदवलं होतं.

पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने खतामागचा खरा हिशेब तपासायची मुभा न्यायाधीशाला दिली. सावकारांनी त्यावरही तोड काढली : गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायचं.