औषध देणाऱ्याची उमेदवारी

श्रोतेहो, सुताराचे पोर रंधा मारायला लागण्याआधी किती दिवस नुसते लाकूड धरून बसते, हे आपण पाहिले आहे. त्याला आपण उमेदवारी म्हणतो. मग ज्याच्या हातून आपण औषध घेतो, त्याची उमेदवारी कोठे होते, हे कधी विचारले आहे का?

समजा, सुप्याच्या बाजाराला आलेला शेतकरी क्षयाच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन दुकानात गेला. त्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असते. त्याने लघवी नारिंगी होते. त्यात भिण्यासारखे काही नाही. पण कोणी सांगितलेच नाही, तर माणूस घाबरून गोळ्या सोडतो. असा क्षय उलटला, की नेहमीच्या औषधांना दाद देईलच असे नाही. २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीप्रमाणे या गोळ्या घेणाऱ्याचे नाव दुकानदाराने वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. नाव लिहिता येते हो. पण धीराचे ते एक वाक्य बोलायला उमेदवारी लागते.

१९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देणाऱ्याचे शिक्षण व नोंदणी यांची घडी बसविली. आज डिप्लोमा घेणाऱ्याला दोन वर्षांच्या अभ्यासानंतर निदान तीन महिन्यांत मिळून ५०० तास प्रत्यक्ष काम करावे लागते. ते औषधाच्या दुकानातही करता येते. २००८ साली फार्म. डी. हा वरचा अभ्यासक्रम निघाला. बी. फार्म. झालेल्यांना तो तीन वर्षांचा. त्यातले शेवटचे वर्ष रुग्णालयात जाते. सहा महिने सामान्य वैद्यक विभागात आणि दोन-दोन महिने आणखी तीन विभागांत. तेथे तो डॉक्टरांबरोबर खाटेखाटेशी फिरतो, कोणत्या औषधाचे कोणाशी जमत नाही ते पाहतो, रोग्याशी बोलायला शिकतो.

पण माणूस जेथे घडतो, तेथेच बहुधा रमतो. रुग्णालयात तयार झालेला तरुण रुग्णालयाची, संशोधनाची किंवा अध्यापनाची वाट धरतो. अमेरिकेत पदवीनंतरची वर्षभराची निवासी उमेदवारी औषधाच्या दुकानांतूनही करता येते. तेथे तो लस टोचायला शिकतो, लोक औषधे नीट घेतात का याची चौकशी करतो, आणि पुढे हेच काम आपले मानतो.

बारामतीला २०१९ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथून बरा होऊन आलेला सुप्याचा रोगी महिन्याच्या गोळ्या गावातच घेणार ना? म्हणून त्या निवासी वर्षातले दोन महिने तरी खेड्यातल्या दुकानात जावेत, असे मला वाटते.

गुरुजनहो, आपला विद्यार्थी फार्मसीला निघाला, तर ५०० तासांकडे नुसता शिक्क्याचा कागद म्हणून पाहू नकोस, हे त्याला बजावा. आणि श्रोतेहो, आपणही गोळ्या घेऊन लगेच वळू नका. कधी घ्यायची, किती दिवस घ्यायची, काय झाले तर घाबरायचे नाही, एवढे विचाराच. विचारणारे भेटले, की सांगणाराही तयार होतो.