यंत्रातील साखरेचा आकडा कसा वाचावा?

रक्तातील साखर मोजण्याचे लहान यंत्र आता ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील पुष्कळ घरांत आले आहे. यंत्र विकताना दुकानदार बोटाला सुई कशी टोचावी एवढे दाखवतो; पडद्यावर उमटलेला आकडा कसा वाचावा हे मात्र कोणी सांगत नाही. त्यातही ज्यांना डॉक्टरांनी "तुम्ही बॉर्डरवर आहात" असे सांगितलेले असते, त्यांची फार ओढाताण होते. प्रयोगशाळेचा अहवाल म्हणतो मधुमेह नाही, आणि घरचे यंत्र रात्री १८० दाखवते. मग खरे कोणते मानायचे?

प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा जाणकार नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून, एवढीच त्याची ओळख. परंतु आकड्यांशी रोजचा संबंध असल्याने आणि घरातच हा प्रश्न उभा राहिल्याने, डॉक्टरांना विचारून व वाचून जे समजले ते सभासद बंधू-भगिनींपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडत आहे.

प्रथम बॉर्डर म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडील बहुतेक डॉक्टर जे माप धरतात त्यानुसार रात्रभर उपाशी राहून सकाळी तपासलेली साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ ही सीमारेषा, आणि १२६ किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह. (जागतिक आरोग्य संघटना ही सीमारेषा ११० पासून धरते, म्हणून दोन डॉक्टर कधी दोन गोष्टी सांगतात.) ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासले तर १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ सीमारेषा आणि २०० पासून मधुमेह. तिसरी तपासणी एचबीए१सी या नावाची. तीत ५.७ ते ६.४ ही सीमारेषा आणि ६.५ पासून मधुमेह. हे सारे आकडे प्रयोगशाळेतील शिरेच्या रक्ताचे आहेत. शिवाय लक्षणे नसतील तर एका अहवालावर मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करून घेतात.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मेव्हण्यांचा अहवाल उपाशीपोटी १०६ आणि एचबीए१सी ६.२ असा आला. डॉक्टरांनी बॉर्डर सांगितली. आठ दिवसांनी घरात नवे यंत्र आले, रात्री जेवणानंतर बोट टोचले, तर आकडा १९१! बहिणीने रडायला सुरुवात केली आणि मेव्हणे म्हणाले, यंत्र भंगार आहे, परत करा. माझ्या मते दोघांचेही चुकत होते. यंत्र बिघडलेले नव्हते आणि एका रात्रीत मधुमेहही झालेला नव्हता.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर ग्लुकोमीटर त्या क्षणाची शिल्लक दाखवतो. एचबीए१सी ही साधारण अडीच-तीन महिन्यांची सरासरी शिल्लक असते. पगाराच्या दिवशी खाते भरलेले आणि महिनाअखेर रिकामे असते, तरी सरासरी एकच निघते. एचबीए१सी ६.२ म्हणजे हिशेबाने सरासरी साखर १३० च्या आसपास. जिची सरासरी १३० आहे ती सकाळी १०५ आणि जेवणानंतर १७५ असणारच. म्हणजे घरचा चढा आकडा प्रयोगशाळेच्या अहवालाच्या विरुद्ध नसून त्याच अहवालाचा तपशील असतो. सीमारेषेवरच्या माणसाचे शरीर रात्रभरात साखर बरीचशी आवरते, पण जेवणाचा लोंढा आला की ते मागे पडते. पुष्कळांच्या बाबतीत दुखणे प्रथम जेवणानंतरच दिसते.

दुसरी गोष्ट वेळेची. १९१ हा आकडा जेवणानंतर पाऊण-एक तासाने घेतला होता, त्या दिवशी पंगतीत श्रीखंड-पुरी आणि वर भातही होता. साखर साधारण तासाभरात शिखरावर जाते व नंतर उतरते. म्हणून एक तासाचा आकडा दोन तासांच्या मापाने मोजू नये. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नव्हे.

तिसरी गोष्ट यंत्राची. आंतरराष्ट्रीय मानक असे आहे की शंभर मोजण्यांपैकी ९५ वेळा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत असावा. साखर १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे खरी साखर १३० असताना यंत्राने ११२ दाखवले काय किंवा १४८ दाखवले काय, यंत्र निर्दोष! तेव्हा काल ११४ आणि आज १२१ म्हणून कोणी उपास धरू नये. शिवाय बोटातले रक्त केशवाहिनीचे असते. उपाशीपोटी ते शिरेच्या रक्ताशी जवळपास जुळते, पण जेवणानंतर बोटातली साखर शिरेतल्यापेक्षा थोडी अधिकच भरते. उलट बाजूही आहे. शिरेतून काढलेले रक्त नळीत तसेच पडून राहिले तर त्यातील पेशी साखर खात राहतात आणि अहवालातला आकडा कमी येतो. घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाने ते प्रयोगशाळेत किती वेळाने पोचवले, हे विचारण्यात काही गैर नाही.

काही दोष निव्वळ आपल्या हातचे असतात, आणि तेही अक्षरशः. आंबा किंवा केळे सोलून त्याच बोटातून रक्त काढले तर आकडा भलताच वर जातो. साबणाने हात धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच टोचावे. बोट जोराने पिळू नये. आणि पट्ट्यांची डबी! आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की पापड सुद्धा मऊ पडतो. साखरेच्या पट्ट्या तर त्याहून नाजूक. डबीचे झाकण लगेच घट्ट लावावे, पट्ट्या दुसऱ्या डबीत काढू नयेत, आणि मुदत पाहावी. शंका आल्यास यंत्र घेऊन प्रयोगशाळेत जावे, उपाशीपोटी रक्त देताना त्याच वेळी बोटही टोचावे आणि दोन्ही आकडे ताडून पाहावेत.

सकाळच्या आकड्याचे कोडे वेगळेच. "रात्री काही खाल्ले नाही, तरी सकाळी साखर वाढली कशी?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. पहाटे शरीर उठण्याच्या तयारीत असते, त्या वेळी काही संप्रेरके वाढतात आणि यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडते. निरोगी शरीरात इन्शुलिन ती लगेच आवरते, सीमारेषेवरच्या शरीरात ती थोडी वर राहते. अपुरी झोप, रात्रपाळी, ताप, सुजलेली दाढ किंवा दम्यासाठी घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या यांनीही आकडा चढतो. असे काही असेल तर आकड्याशेजारी तसे लिहून ठेवावे.

एचबीए१सी अचूकच असते असेही समजू नये. अंगात लोह कमी असल्याने रक्त कमी झालेल्या भगिनींमध्ये ती खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते. सिकलसेलच्या रुग्णांत तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून ती फसवी कमी येते. आपल्यातील काही कुटुंबे मूळची विदर्भातील आहेत आणि तिकडे सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. घरात कोणाला तो असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेहाने किती छळले हे आपण जाणतोच. त्या काळी घरी तपासायचे म्हटले तर लघवी निळ्या द्रावणात उकळून रंग पाहायचा. हिरवा, पिवळा, शेवटी विटकरी. रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे सीमारेषेवरचा माणूस त्या परीक्षेत निरोगी ठरत असे. रक्त तपासणारे पहिले छोटे यंत्र १९७० च्या सुमारास आले. आज आपल्याला हा टप्पा वेळेत दिसतो आणि त्यावर काही करता येते. चेन्नई येथे सीमारेषेवरच्या ५३१ जणांवर झालेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत शंभरात सुमारे ५५ जणांना मधुमेह झाला, आहार व चालणे नेटाने सांभाळणाऱ्या गटात सुमारे ३९ जणांना. धोका संपला नाही, पण बराच कमी झाला. "बॉर्डरच आहे ना" म्हणणाऱ्यांनी पहिला आकडा वाचावा आणि "आता सगळे संपले" म्हणणाऱ्यांनी दुसरा.

अंगाने सडपातळ असणाऱ्यांनीही गाफील राहू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपली व आपल्या इंग्रज सहकाऱ्याची तुलना २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापली. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे एकच, २२.३, पण शरीरातील चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के! आपली चरबी हातापायांवर दिसत नाही, ती पोटात लपते. पोट सुटलेले आणि हातपाय काटकुळे, असे प्रवासी आपल्या लोकलच्या डब्यात कितीतरी दिसतील.

मेव्हण्यांनी पुढे काय केले ते सांगतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन आठवडे वही ठेवली. रोज दहा वेळा टोचायचे नाही. पट्ट्या स्वस्त नाहीत. एक दिवस उठल्याबरोबर, एक दिवस दुपारच्या डब्याआधी व दोन तासांनी, एक दिवस रात्रीच्या जेवणाआधी व दोन तासांनी, आणि शेजारी काय खाल्ले ते. पंधरा दिवसांत वही बोलू लागली. सकाळी ११० ते ११८. पोळी-भाजीच्या डब्यानंतर १३५-१४०. रात्री मात्र दर वेळी १६५ ते १८०. गृहस्थ सव्वानऊच्या पुढे कल्याणला उतरतात, दहाला ताटभर भात जेवतात आणि पावणेअकराला झोपतात. दोष दिवसभराच्या खाण्यात नव्हता, त्या एका जेवणात होता. मग संध्याकाळी साडेसहाला कार्यालयातच दोन पोळ्या व उसळ, घरी आल्यावर आधी भाजी-आमटी, मग मूठभर भात, आणि जेवून पंधरा मिनिटे चाळीभोवती फेऱ्या. स्टेशनवरच्या शेअर रिक्षाची रांगही सोडली. रात्रीचा आकडा १४०-१५० वर आला. सकाळचा फारसा हलला नाही, तीन महिन्यांनी एचबीए१सी मात्र ५.९ आली.

उलट, शेजारच्या एका काकूंनी १४८ पाहून अन्नच सोडले आणि तिसऱ्या दिवशी नळावर चक्कर येऊन पडल्या. दुसऱ्याच्या गोळ्या मागून घेणारेही आहेत, हा तर शुद्ध अविचार.

काही वेळी मात्र वहीची वाट पाहू नये. उपाशीपोटीचा आकडा पुन्हा पुन्हा १२६ किंवा त्यावर येऊ लागला, किंवा जेवणानंतर दोन तासांनी २०० ओलांडू लागला, तर त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. सोबत खूप तहान, वारंवार लघवी आणि वजन घटणे असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आकडा ३०० च्या पुढे आणि उलट्या किंवा धाप असेल तर थेट रुग्णालय. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकांची रुग्णालये आहेत. जाताना वही, यंत्र आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.